टाका कुणासाठी?

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलं की राई, मुर्धा, मोर्वा ही गावं एकमेकांना लागून भेटतात. आगरी वस्ती, खाडी, मिठागरं आणि अलीकडे गावठाणाच्या कडेपर्यंत येऊन ठेपलेल्या उंच इमारती. मेट्रोच्या कारशेडला विरोध करताना ही गावं काही वर्षांपूर्वी बातम्यांत आली, एरवी त्यांचं नाव बसच्या पाटीवरच जास्त दिसतं. दिवाळीची साफसफाई मात्र इथेही सगळ्या महाराष्ट्रासारखीच असते. कपाटं रिकामी होतात, पेट्या उघडतात. जुनी लुगडी, मऊ पडलेल्या सुती साड्या, मुलांचे आखूड झालेले कपडे आणि कधीतरी हौसेनं आणून अर्धवट राहिलेले लोकरीचे गुंडे बाहेर येतात. ज्या घरात सुई चालवणारं कुणी आहे त्या घरात विचार सुरू होतो: यातून काहीतरी करावं आणि कुणाला तरी द्यावं.

हा विचार चांगलाच आहे. अडचण पुढे येते. स्वेटर विणून होतो, गोधडी शिवून होते, पिशवीत भरून एखाद्या संस्थेत पोचवली जाते आणि मग काहीच कळत नाही. ती वस्तू कुणी वापरली? की कपाटात पडून राहिली? विकली तर नाही ना? महिनाभर डोळे फोडून काम करणाऱ्या बाईला हे प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे. संस्थेकडे मात्र त्यांची उत्तरं तयार नसतात, आणि असली तरी ती द्यायला संकोच वाटतो.

सुरुवात हवामानापासून करू. मुंबईत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत. मुर्ध्यासारख्या खाडीकाठच्या गावात हिवाळा म्हणजे पहाटेची चार दिवसांची हुडहुडी. इथे विणलेला जाड स्वेटर इथल्या कुणाच्याही अंगावर फार काळ राहणार नाही. त्याची खरी गरज निफाडला आहे, धडगाव-तोरणमाळच्या डोंगरात आहे, मेळघाटात आहे. म्हणजे स्वेटर दिला की त्याबरोबर प्रवासही द्यावा लागतो: खोकं, टेम्पो, ट्रक, पाड्यापर्यंतची जीप. तो खर्च देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतो आणि संस्थेच्या मात्र डोक्यावर असतो.

दुसरी गोष्ट धाग्याची. दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. स्वस्त, रंगीत, धुवायला सोपं. पण ॲक्रिलिक पेट घेतं आणि वितळून अंगाला चिकटतं. जिथे चुलीपाशी, शेकोटीपाशी हिवाळा काढला जातो त्या घरात ॲक्रिलिकचं पांघरूण पाठवण्याआधी दोनदा विचार करायला हवा. सुती गोधडी तिथे कितीतरी बरी. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्यानं भरून काढलेली गोधडी गरीब घराची सोय म्हणून जन्माला आली. ती धुता येते, उसवून पुन्हा भरता येते, आणि बाळाच्या अंगाला टोचत नाही.

बाळाचा विषय निघाला की ‘बाळंतविडा’ आठवतो. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची. मराठी घरात हे सगळं बाळ यायच्या आधीपासून शिवलं जायचं आणि जुन्या मऊ सुती साडीला त्यात पहिला मान असायचा. संस्थांना द्यायच्या हातच्या वस्तूंमध्ये आजही बाळंतविडा हा सर्वांत उपयोगी प्रकार ठरू शकतो, कारण नवजात बाळाच्या अंगातली ऊब टिकवणं ही वैद्यकीय गरज आहे. जागतिक आरोग्य संघटना नवजात बाळाला कोरडं करून, आईच्या अंगाशी धरून, डोक्यावर टोपी घालायला सांगते ते त्यासाठीच. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला तर टोपडं हवंच. पण रुग्णालयाला चालणारं टोपडं आणि बारशाला मिरवायचं टोपडं वेगळं. रुग्णालयात ते उकळत्या पाण्यात धुतलं जाणार, त्यामुळे रंग जाता कामा नये. त्याला मणी, बटण, लोंबती दोरी नको, कारण सुटलेला धागा बाळाच्या बोटाला घट्ट गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो. आत खरबरीत शिवण नको. ज्या टिकल्या-लेसांमुळे ती वस्तू देणाऱ्याला ‘आपली’ वाटते, नेमक्या त्याच परिचारिकेला आधी काढून टाकाव्या लागतात.

मुर्ध्यापासून सर्वांत जवळचं सार्वजनिक रुग्णालय म्हणजे भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. लोक त्याला टेंभा रुग्णालय म्हणतात. अशा ठिकाणी आधी जाऊन विचारलं तर उत्तर एका वाक्यात मिळू शकतं: काय हवं, कुठल्या मापाचं, कुठल्या कापडाचं, किंवा सध्या काहीच नको. ‘नको’ हेही उत्तर आहे आणि ते मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

हाताच्या कामाची आणि गरजेची गाठ किती नेमकी बसू शकते याचं उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत अनेक स्त्रियांचा स्तन काढावा लागतो. २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कर्करोग-आकडेवारीचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. शस्त्रक्रियेनंतर वापरायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग असतो, जड असतो आणि आपल्या दमट हवेत घामानं नकोसा होतो. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट या बाईंवर २०११ मध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली. जखम भरेपर्यंत सिलिकॉन वापरता येणार नव्हता. तेव्हा एका मैत्रिणीनं त्यांना सुती धाग्याचा हलका स्तन विणून दिला. त्यातून ‘निटेड नॉकर्स’ ही चळवळ उभी राहिली. ती भारतात ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या नावानं पोचली आणि मुंबईच्या ‘साईशा इंडिया फाउंडेशन’नं ती चालवली.

इथे विणणाऱ्या स्वयंसेविका असतात, वस्तू पूर्णपणे हातची असते आणि रुग्णाला ती विनामूल्य मिळते. पण मनाला येईल तसं विणायची मुभा नाही. धागा मऊ आणि सुतीच हवा. नमुना ठरलेला, टाके ठरलेले, मापं ठरलेली. आतला कापूस काढून धुता आला पाहिजे. पुढचं टोक टोचता कामा नये, कारण खाली नुकतीच भरलेली जखम आहे. ते विकायचं नाही, हीसुद्धा अट. विणणाऱ्या बाईला ती वस्तू कुणाकडे गेली हे बहुधा कधीच कळत नाही, आणि कळूही नये. कुठली स्त्री आपल्या पोलक्याच्या आत काय वापरते हे तिचं खासगी आहे. तरीही स्वयंसेविका टिकून राहतात. कारण पहिला टाका घालण्याआधीच त्यांना सगळं सांगितलेलं असतं: ही वस्तू कशासाठी, ती कशी हवी आणि पुढे तिचं काय होणार.

इतर बहुतेक ठिकाणी हेच आधी सांगितलं जात नाही. सगळा गुंता तिथून सुरू होतो.

संस्थेत आलेल्या गाठोड्याचं पुढे काय होतं, ते बघू. आधी ते उघडावं लागतं. कधी आत फाटकं, मळकं, कुबट वास मारणारं सामान निघतं. मग वर्गवारी: लहान-मोठं, उन्हाळी-हिवाळी, स्त्री-पुरुष. हाताने शिवलेल्या वस्तूत टाचणी किंवा सुई राहिलेली नाही ना, हे चाचपून बघावं लागतं. मग धुणं, घडी, नोंद, साठवण. या सगळ्याला जागा आणि माणसं लागतात. या कामाची शिस्त देशात ज्यांनी बसवली त्यांत ‘गूंज’चं नाव आधी घ्यावं लागेल. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरुवात केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईतही ‘गूंज’चं काम चालतं. कपडे फुकट वाटायचे नाहीत हा त्यांचा आग्रह. गावानं मिळून विहीर खणावी, बांध घालावा, रस्ता दुरुस्त करावा आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात कुटुंबाला कपड्यांचा संच मिळावा. जे कापड अंगावर घालण्याजोगं उरत नाही त्याच्या पट्ट्या कापून मासिक पाळीसाठी सुती घड्या होतात, चिंध्यांच्या सुजनी शिवल्या जातात.

इथे देणाऱ्याचं मन अडखळतं. आपण दिलेली साडी कापली? हो, कापली. आणि बहुधा तोच तिचा सर्वांत चांगला उपयोग होता. ज्या मुलीकडे पाळीच्या दिवसांत धड फडकंही नाही, तिच्यासाठी मऊ सुती साडीचा तुकडा साडीपेक्षा मोलाचा आहे.

न विचारता पाठवलेल्या वस्तूंचं काय होतं ते देशानं डोळ्यांनी पाहिलं आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. त्यातलं बरंच कापड पुढे ‘गूंज’नं वेचून कामाला लावलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुरानं वेढलं, तेव्हाही जुने कपडे पाठवू नका असं सांगायची वेळ आली. पूरग्रस्ताला तेव्हा कोरडी चटई, पिण्याचं पाणी, औषध, झाडू आणि जंतुनाशक हवं असतं. चिखलानं भरलेल्या घरात कपड्यांचा ढीग कुठे ठेवायचा? देणाऱ्यांची कळकळ खरी होती. तिला दिशा देणारं कुणी नव्हतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. ऑस्ट्रेलियात फिलिप बेटाजवळ २००१ मध्ये समुद्रात तेल सांडलं आणि ४३८ छोटे पेंग्विन त्यात माखले. पेंग्विन चोचीनं पिसं साफ करताना ते तेल गिळतात, म्हणून त्यांना अंगाबरोबर बसणारे लोकरी स्वेटर घालायची युक्ती वापरली गेली. आवाहन झालं आणि जगभरातून स्वेटर येत राहिले. गरज भागली तरी ओघ थांबेना. शेवटी जादाचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनना घालून ते विकायला ठेवले गेले आणि तो पैसा पक्ष्यांच्या कामाला लागला. दूरदेशीच्या आजीनं जिवंत पक्ष्यासाठी विणलेला स्वेटर कापसाच्या पक्ष्यावर चढला. यात फसवणूक कुठेही नव्हती, कारण संस्थेनं हे उघडपणे सांगितलं होतं. तेच लपवलं असतं तर ती फसवणूक ठरली असती.

विक्रीबद्दल आपल्याकडे फार अढी आहे. ‘दान दिलेली वस्तू विकली’ हे वाक्य आरोपासारखं उच्चारलं जातं. पण भरतकामाचा एखादा सुंदर टेबलक्लॉथ अनाथाश्रमात काय कामाचा? तो प्रदर्शनात विकून त्या पैशात मुलांची वर्षभराची वह्या-पुस्तकं येत असतील तर ती विक्री योग्यच आहे. फक्त ‘आम्ही काही वस्तू विकतो’ हे पावतीवर छापायला हवं. आणि ते वाचून एखाद्या बाईनं आपला टेबलक्लॉथ परत नेला, तर तिलाही दोष देता येणार नाही.

पावतीवरून आणखी एक गोष्ट. आयकरात देणगीवर मिळणारी सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही. वीस गोधड्या दिल्या म्हणून करात काही मिळत नाही. संस्थेनं नुसती पोचपावती दिली तर ती टाळाटाळ समजू नये.

फोटोचंही तसंच. आजकाल देणाऱ्याला मुलाच्या अंगावर आपला स्वेटर बघायचा असतो. मोबाइल हातात आल्यापासून ही अपेक्षा फार वाढली आहे. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी घालतं. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. बालगृहानं फोटो नाकारला तर ते कायदा पाळत असतात. कायदा बाजूला ठेवला तरी, फुकटात मिळालेल्या टोपीच्या बदल्यात लेकरानं कॅमेऱ्याकडे बघून हसावं हा सौदा माणसाला शोभत नाही.

हाताने केलेल्या वस्तूंच्या दानाचा सर्वांत मोठा प्रयोग या देशात सुताचा झाला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष गांधीजी. तिथे सभासदत्वाची अट ठरली: दरमहा २,००० यार्ड सूत, आणि ते ‘एकसारखं’ कातलेलं. आजारपण, अनिच्छा किंवा तसं काही कारण असेल तर दुसऱ्यानं कातलेलं सूत देण्याची सोयही होती. ‘एकसारखं’ हा शब्द ठरावात हौसेनं आलेला नव्हता. जाडं-बारीक सूत मागावर तुटतं आणि विणकर ते घ्यायला तयार होत नाही. भक्तिभावानं कातलेलं पण कच्चं सूत शेवटी कुणाच्याच अंगावर चढत नाही. ती अट वर्षभरही टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ती सैल झाली, चार आणे किंवा सूत असा पर्याय आला, आणि तिथेच अखिल भारत चरखा संघ स्थापन होऊन सुताचा कारभार त्याच्याकडे गेला. नुसत्या उत्साहावर चालणारं काम अखेर मापं, दर्जा आणि व्यवस्था यांच्याकडे सोपवावं लागलं.

गांधीजींच्या पश्चात ‘सूतांजली’ सुरू झाली. १२ फेब्रुवारीला, त्यांच्या अस्थिविसर्जनाच्या तारखेला, वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी सर्वोदय मेळा भरतो. स्वतः कातलेल्या सुताची ६४० तारांची एक गुंडी लोक तिथे अर्पण करत आले. ती गुंडी इतर शेकडो गुंड्यांत मिसळते. आपल्या सुताचा सदरा कुणी घातला हे कुणालाही सांगता येणार नाही, आणि ते विचारावं असं देणाऱ्यालाही वाटत नाही. हाताच्या कामाचं दान कसं द्यावं याचा याहून चांगला धडा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

एक अवघड प्रश्न राहतो. फुकट दिलेल्या हातकामामुळे हातकामावर पोट असलेल्यांचं नुकसान होतं का? ब्रिटनमध्ये १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा राणी मेरीनं सैनिकांसाठी कपडे शिवायला-विणायला बायकांना सांगितलं. मेरी मॅकआर्थर या कामगार पुढारी बाईंनी लगेच आक्षेप घेतला: तुम्ही घरी बसून फुकट शिवाल तर युद्धामुळे आधीच काम गेलेल्या शिवणकामगार बायकांनी काय खायचं? राणीनं तो आक्षेप मानला आणि अशा बायकांना मजुरीचं काम देणारा निधी उभा राहिला. तरी सुखवस्तू घरांतून येणारा ओघ चालूच राहिला. कुठे मोज्यांचा ढीग, कुठे तुटवडा. वर्षभरानं, १९१५ मध्ये, या सगळ्या स्वयंसेवी कामाला वळण लावण्यासाठी सर एडवर्ड वॉर्ड यांना नेमावं लागलं.

आपल्याकडे हा प्रश्न कोविडच्या काळात पुन्हा उभा राहिला. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं घरी कापडी मास्क कसा शिवायचा याची पुस्तिका काढली. घराघरांत मास्क शिवले गेले आणि फुकट वाटले गेले. त्याच वेळी राज्यभरातल्या बचत गटांच्या बायका मास्क शिवून चार पैसे मिळवत होत्या, आणि त्या दिवसांत घरात येणारा पैसा अनेकदा तेवढाच होता. म्हणून शिवणारे हात जिथे आधीच उपाशी आहेत तिथे आपण गोधडी शिवून देण्यापेक्षा त्यांच्याकडून ती विकत घेऊन द्यावी, हे या लेखाचं मत आहे. बाबा आमट्यांनी १९४९ पासून आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या हातांना काम दिलं. त्यामागे हीच दृष्टी होती.

सगळ्याच हातवस्तूंना असं तोलून पाहायची गरज नाही. रक्षाबंधनाला राज्यातल्या शाळाशाळांतून मुली राख्या बनवून सीमेवरच्या जवानांना पाठवतात. त्या लष्करी टपालातून पोचतात. राखीचा धागा कच्चा असला, रंग फिका असला तरी काही बिघडत नाही, कारण तिथे निरोप पोचणं हेच काम आहे. दिवाळीच्या शुभेच्छापत्राचंही तसंच. ज्या वस्तूचा उपयोग ऊब, स्वच्छता किंवा औषधोपचार हा आहे, तिथे मात्र घेणाऱ्याची गरज आधी.

कारखान्यातल्या मालाशी स्पर्धा करण्यातही अर्थ नाही. जगभरच्या मदतकार्यात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांचा मोठा वाटा अनेक वर्षं पानिपतच्या यंत्रांवर जुन्या लोकरीपासून तयार होत असे. तितक्या स्वस्त आणि तितक्या वेगानं कुणाची आई क्रोशानं ब्लँकेट विणू शकणार नाही. हाताने करायचं ते यंत्र करत नाही किंवा महाग करतं असं असावं: कमी वजनाच्या बाळाचं मापाचं टोपडं, शस्त्रक्रियेनंतरचा सुती स्तन, वृद्धाश्रमातल्या आजोबांच्या व्हीलचेअरला लटकवायची खिशाची पिशवी, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी पुढून घालून मागे बांधता येणारा सुती सदरा.

या दिवाळीत मुर्ध्यात, भाईंदरात किंवा आणखी कुठे कुणी सुई हातात घेणार असेल, तर त्यांना एवढीच विनंती. आधी संस्थेला किंवा वॉर्डच्या सिस्टरना विचारा. माप, कापड आणि संख्या लिहून घ्या. जादाची वस्तू विकली किंवा कापली जाईल का, तेही विचारा, आणि पटलं तरच पुढे जा. वस्तू धुऊन, टाचण्या तपासून द्या, आणि जमलं तर वाहतुकीसाठी थोडे पैसेही द्या. संस्थांनीही ‘काहीही आणा, चालेल’ म्हणणं सोडावं आणि नको ते नको म्हणून सांगावं. आणि स्वेटर, गोधड्या निफाड-धडगावकडे पाठवायच्या असतील तर गाठोडं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संस्थेच्या केंद्रावर पोचवा. डिसेंबरच्या थंडीआधी वर्गवारी आणि प्रवास, दोन्ही व्हायला हवं.